बेळगावात आलात तर कुठली भाकरी, कुठले मांडे आणि कुठे खायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावला येणारे बहुतेक पाहुणे कुंदा (दुधाची मिठाई) घेतात, कॅम्पात एक चक्कर मारतात आणि परतीची गाडी धरतात. कुंदा घ्यावाच, त्याबद्दल वाद नाही. पण या भागाची चव खऱ्या अर्थाने भाकरी-पोळीत आहे आणि ती दर तीस-चाळीस किलोमीटरवर बदलते. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून, कोल्हापूरकडून येणारे लोक याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

एकाच जिल्ह्यात भाकरीचे इतके प्रकार कसे?

पावसामुळे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, खानापूर तालुक्यात, सह्याद्रीचा माथा आहे. कणकुंबी, जांबोटी, आमगाव ही गावं कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यात येतात. तिथे भात पिकतो आणि उतारावर नाचणी. पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे गेलात की पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो, जमीन काळी होते आणि रब्बीची ज्वारी लागते. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधोमध बसलं आहे. त्यामुळे शहरातल्या एकाच गल्लीत एका घरी तांदळाची भाकरी आणि शेजारच्या घरी ज्वारीची, असं सहज दिसतं. सुनेचं माहेर कुठलं यावरसुद्धा परातीत कुठलं पीठ पडणार ते ठरतं.

त्यात शेजारही मोठा आहे. एका बाजूला गोवा आणि कोकण, वर कोल्हापूर, खाली धारवाड. इथल्या ताटात या सगळ्यांची हजेरी असते.

पिझ्झाच्या जशा गावोगावच्या शैली असतात, तसंच हे आहे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा कॉलेजची मुलं विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. इटलीतल्या नापोलीचा पिझ्झा पातळ आणि मऊ असतो, लाकडाच्या धगधगत्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. २०१७ साली तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. शिकागोचा खोलगट, जाड पिझ्झा १९४३ सालचा मानला जातो. डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा १९४६ च्या सुमारास सुरू झाला, आणि तो ज्या पोलादी ट्रेमध्ये भाजत, ते ट्रे मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरत. म्हणजे पीठ कुठलं, भांडं कुठलं, विस्तव कसला, यावर तिथे शैली ठरली.

इथेही तेच घडलं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही म्हणून ती लाटता येत नाही, थापावी लागते. मांड्याला, म्हणजे इथल्या पातळ गोड पोळीला, प्रचंड मोठा पृष्ठभाग लागतो म्हणून भांडं उपडं घातलं गेलं. यात्रेला आठवडाभर चालत जायचं म्हणून भाकरी कडक करून वाळवली गेली. नापोलीला आपल्या पिझ्झाचा जितका अभिमान आहे तितका आपल्याला मांड्याचा असायला हरकत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, मुलांना पिझ्झाच हवा असेल तर टिळकवाडीत, कॉलेज रोडला मिळतो. पण एका जेवणापुरता.

वेळ कमी आहे. कमीत कमी काय खाऊ?

दुपारी गरम ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि लोणी. संध्याकाळी मांडे, दूध-तुपात. एवढं झालं तरी बेळगावला आल्यासारखं होईल.

मांडे म्हणजे नक्की काय?

गव्हाच्या सपिटाची, कागदाहून थोडीच जाड, दीड-दोन फूट व्यासाची गोड पोळी. आत पिठीसाखर, तूप, खसखस आणि वेलदोड्याचं सारण. भाजून होताच गरम असतानाच तिची चौकोनी घडी घालतात. थंड झाली की ती घडी इतकी खुसखुशीत होते की बोट लावलं तरी कपचा उडतो.

करणं फार कठीण आहे. सपीट वस्त्रगाळ लागतं. कणीक मळून, मुरवून इतकी मऊ करावी लागते की ओढली तर ताणली जावी, तुटू नये. सारण भरून उंडा लाटतात आणि मग दोन्ही हातांवर तोलत, फिरवत, ताणत तो मोठा करतात. तो अलगद उपड्या भांड्यावर टाकायचा. खाली लाकडाचा विस्तव असतो. एक बाई ताणते, दुसरी भाजते आणि घडी घालते. घडीची वेळ काही क्षणांचीच असते. लवकर घातली तर आत कच्चट राहतं, उशीर झाला तर घडी मोडते. सारणातली साखर त्या धगीवर जेमतेम विरघळते आणि पापुद्र्याला धरून बसते. साखर वितळून चिकट झाली की मांडा वाया गेला म्हणून समजायचं.

मांडे बेळगावचेच का? आमच्याकडे खानदेशातही मांडे असतात.

असतातच, आणि तेही उत्तम. पण दोन्ही वेगळे. खानदेशी मांडे पुरणाचे, खापरावर भाजलेले, मऊ, आमरसाबरोबर त्याच दिवशी खायचे. बेळगावचे मांडे साखर-खसखशीचे, कोरडे, कुरकुरीत आणि टिकाऊ. घडी घालून ठेवायचे.

पदार्थ मात्र फार जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ नावाने गव्हाच्या अशा पोळीचं वर्णन आहे. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, तेही सीमाभागातलंच. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा तर आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कन्नडमध्ये याला मंडिगे म्हणतात. बेळगाव-धारवाडकडच्या लग्नांत, मराठी घर असो वा कन्नड, मांड्यांचा मान मोठा असतो.

मांडे खायचे कसे? आमच्या हातात नुसता चुरा आला.

चुरा होणारच, घाबरू नका. ताटलीत मांडा ठेवा, तळहाताने हलकेच दाबून मोडा, वरून कोमट दूध आणि चमचाभर साजूक तूप घाला आणि लगेच खा. दूध उकळतं नको आणि थांबायचंही नाही, दोन मिनिटांत त्याचा लगदा होतो. अर्धे तुकडे दुधात मऊ, अर्धे अजून कुरकुरीत, ही त्याची खरी वेळ. काही जण कोरडेच खातात. पहिला कोरडा आणि दुसरा दुधातला, असं करून पाहा.

मांडे शहरात कुठे मिळतील?

मिठाईच्या मोठ्या दुकानांत तयार पुडे मिळतात. गणपत गल्ली, मारुती गल्ली, किर्लोस्कर रोड, टिळकवाडी, शहापूर या भागांत विचारा. पण उत्तम मांडे घरगुती असतात. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या जुन्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या मांडे करणारी घरं आहेत. बाहेर पाटी नसते. किराणा दुकानात किंवा देवळाजवळ एखाद्या काकूंना विचारलंत तर लगेच सांगतील: “त्या कोपऱ्यावर जावा की, तिसरं घर.” लग्नसराईत आधी सांगून ठेवावं लागतं. तुळशीच्या लग्नानंतर थेट उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या हाताला उसंत नसते, आणि नेमके त्याच दिवसांत मांडे सर्वांत ताजे मिळतात.

करताना बघायला मिळेल का?

बहुतेक घरी नाही म्हणणार नाहीत. सकाळी लवकर जा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि चुलीजवळ गर्दी करू नका. ताणलेली पारी हातात असताना कुणी धक्का दिला किंवा पंखा लावला तर तो मांडा गेला. बघून झाल्यावर थोडे तरी विकत घ्या. ही त्यांची रोजीरोटी आहे.

ज्वारीची भाकरी तर पुण्यातही मिळते. इथली का खावी?

कारण इथे तव्यावरून थेट ताटात येते, आणि ज्वारीची भाकरी पाच मिनिटांत बदलते. तव्यावर एक बाजू, मग पाण्याचा हात फिरवलेली दुसरी बाजू, मग थेट विस्तवावर धरली की टम्म फुगते आणि वरचा पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा उचलून आत लोणी लावायचं. हे खानावळीत बसल्याशिवाय कळत नाही, डब्यातून आलेल्या भाकरीत तर मुळीच नाही.

इथली भाकरी सोलापूरकडच्या भाकरीपेक्षा साधारणपणे पातळ आणि मोठी असते. सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाककडच्या बायका ती इतकी पातळ थापतात की दिव्यासमोर धरली तर उजेड दिसावा. पांढरीशुभ्र भाकरी हवी असेल तर नवी रब्बी ज्वारी बाजारात आल्यावर, म्हणजे मार्चपासून पुढे या. पावसाळ्यात जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, गेलेली असते. भाकरीच्या कडा फाटतात आणि करणारीच मनातून खट्टू होते.

भाकरीबरोबर काय मागवावं?

इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण पाहुणे भाकरी मागवतात आणि सोबत पनीर घेतात, ते बघवत नाही.

पहिलं भरलं वांगं. कन्नड खानावळीत त्याला एण्णेगायी म्हणतात. लहान, काटेरी, हिरवी-जांभळी वांगी, आत शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं आणि तिखट. वर तेलाचा तवंग असायलाच हवा. दुसरं, मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ. तिसरं, झुणका, तोही कोरडा आणि वड्यांसारखा मोडणारा. पालेभाजी कच्चीच मिळते. मेथीची कोवळी पानं, कांद्याची पात, मुळा हे सगळं भाकरीबरोबर तसंच खायचं असतं, कोशिंबीर म्हणून बाजूला ठेवायचं नाही.

आणि चटण्या. शेंगांची चटणी उखळात कांडलेली हवी, तेल सुटून गोळा होणारी. मिक्सरमधली भुसभुशीत नको. कारळ्याची चटणी काळी, किंचित कडवट, दह्यात कालवली की वेगळीच होते. जवसाची आहे. आणि रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरच्या मीठ-लिंबू घालून वाटून मुरवलेल्या. रंजका तिखट असतेच, पण मुरल्यामुळे तिला आंबट धार येते. वरून कच्चं तेल किंवा लोणी घेतल्याशिवाय ती खाऊ नका. मिरची इथे जवळचीच. संकेश्वरी मिरची हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाने ओळखली जाते आणि कोल्हापूरच्या मसाल्यातही जाते. रंगासाठी हावेरीकडून ब्याडगी येते.

ताटात दही आणि लोणी वेगळं मागा. मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही, मागितलं की कुणी नाही म्हणत नाही.

अशी खानावळ ओळखायची कशी?

खानावळ हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे पाटी कुठल्याही लिपीत असो, अडचण नाही. बसवेश्वर, वीरशैव अशी नावं असलेल्या खानावळी शुद्ध शाकाहारी असतात आणि भाकरी तिथेच हमखास चांगली मिळते. मध्यवर्ती बसस्टँडच्या आजूबाजूला, खडेबाजारच्या आडगल्ल्यांत आणि मार्केट यार्डाकडे त्या आहेत. आत शिरल्यावर कान द्या. थापण्याचा टप्‌टप् आवाज येत असेल तर बसा. भाकरीची चळत फडक्यात बांधून ठेवलेली दिसली तर पुढे चला.

दुपारी साडेबारा ते अडीच ही खरी वेळ. एकटे असाल तरी लाजू नका. वाढणाऱ्या मावशी स्वतःहून विचारतील, “अजून एक घालू की ओ?” तेव्हा हो म्हणा.

कन्नड येत नाही, अडेल का?

शहरात, खानापूर, निपाणीकडे मराठी सगळीकडे चालतं. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडे कन्नड जास्त, तरी खाण्यापुरतं कुणाचं अडत नाही. चार शब्द शिकून जा: रोट्टी म्हणजे भाकरी, होळिगे म्हणजे पुरणपोळी, मोसरु दही, बेण्णे लोणी, तुप्पा तूप, बिसि म्हणजे गरम आणि साकु म्हणजे पुरे. वाढणाऱ्या बाईला अक्का म्हणा, मालकाला अण्णा. हे इकडच्या मराठीतही रुळलेलं आहे.

शहराबाहेर जायला दोन दिवस आहेत. कुठे जाऊ?

मलप्रभेच्या काठाने जा. माझ्या मते या भागाचं खाणं समजून घ्यायला याहून चांगला रस्ता नाही. नदी एकच, पण उगमाशी तांदूळ आणि धरणाशी ज्वारी.

पहिल्या दिवशी पश्चिमेला, चोर्ल्याच्या रस्त्याने जांबोटीवरून कणकुंबीला. शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. या पट्ट्यात तांदळाची भाकरी मिळते, उकड काढून केलेली, मऊ, पांढरी, घडी घातली तरी न मोडणारी. बरोबर गावठी कोंबडीचा रस्सा किंवा घाटाखालून आलेल्या मासळीची आमटी. नाचणीची भाकरी मागितली तर करून देतात, पण थोडं थांबावं लागतं. सकाळी पोहोचलात तर आंबोळी किंवा घावन आणि खोबऱ्याची चटणी. हॉटेलं छोटी, घरगुती असतात. जाताना जांबोटीत सांगून पुढे जायचं आणि परतताना जेवायचं, ही सोयीची रीत. भर पावसात मात्र हा घाटरस्ता टाळा. ऑक्टोबरनंतर भात पिवळा पडलेला असतो, तेव्हा जा.

परतीच्या वाटेवर खानापूर. मलप्रभा इथे गावाजवळून वाहते, असोग्याला काठावर रामेश्वराचं देऊळ आहे. खानापूरची माती मडकी-कौलांसाठी नावाजलेली, कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा इथेच आहे. मातीचा तवा किंवा आंबीलीसाठी मडकं घ्यायचं असेल तर हेच गाव.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला. महामार्गाने एम. के. हुबळीला या. इथे नदीपात्रात बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिका यांचं स्मारक आहे. तिथून बैलहोंगल आणि पुढे सौंदत्ती. बैलहोंगलपर्यंत जमीन काळी झालेली दिसेल, भाताची खाचरं मागे पडलेली असतील. बसस्टँडजवळच्या कुठल्याही गर्दीच्या खानावळीत बसा. इथली भाकरी शहरातल्यापेक्षाही पातळ, वांग्यात तिखट दुप्पट. डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेच्या शेतांत हुरडा भाजतात, कन्नडमध्ये सीतनी. गूळ, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर तो पोटभर खातात. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण आहे, आणि डोंगरावर यल्लम्मा देवीचं देऊळ.

यल्लम्माच्या यात्रेत काय खायला मिळतं?

मार्गशीर्ष ते माघ या पौर्णिमांना डोंगरावर लाखो भाविक येतात. कोल्हापूर-सांगलीकडचे मराठी, इकडचे कन्नड, सगळे. मोठा स्वयंपाक भाविक स्वतःच करतात, तिथेच तीन दगडांच्या चुलीवर: पुरणपोळी, कडबू, भाजी, वडी. आधी देवीचा नैवेद्य, मग जेवण. प्रवासासाठी बुट्टीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच बांधून आणलेली असते. पाहुण्याला न वाढता कुणी जेवत नाही, म्हणून बोलावलं तर बसा. परतल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या यल्लम्माची आंबील यात्रा भरते, ते याच यात्रेचं शेवटचं टोक.

कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी का?

नाही. शिळी भाकरी मऊ-चिवट होते आणि दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून खातात, तीही छान लागते. कडक भाकरी मुद्दाम करतात. अतिशय पातळ थापून, भाजून, मग मंद विस्तवावर किंवा उन्हात वाळवून. पापडासारखी मोडते. ज्वारीची असते तशी तीळ लावलेली बाजरीचीही असते. एक भाकरी घ्या, वर कच्चं तेल, कारळ्याची चटणी, चिरलेला कांदा आणि दही घालून हातातच मोडत खा. नीट ठेवली तर महिनाभर टिकते.

कुठल्या सणाला आलो तर जास्त खायला मिळेल?

श्रावणात, नागपंचमीच्या आधी. कन्नड घरांत पंचमीच्या आधी रोट्टी हब्ब होतो, म्हणजे भाकरीचा सण. कडक भाकऱ्यांच्या चळती, पाच-सात भाज्या-उसळी, सगळ्या चटण्या, आणि हे ताट शेजारपाजारी, नातलगांकडे पोहोचवायचं. मराठी शेजाऱ्यांकडेही येतं. बदल्यात आपल्याकडून पंचमीची दिंडं जातात, कारण पंचमीच्या दिवशी आपण तवा ठेवत नाही, उकडून करतो. एखाद्या बेळगावकराशी ओळख असेल तर या आठवड्यात त्याच्या घरी या. इतकी सुंदर देवाणघेवाण मी दुसऱ्या कुठल्या सणात पाहिलेली नाही.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी. संक्रांतीला गुळाची आणि शेंगांची पोळी. बेंदूर इथे दोनदा असतो, कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात आणि महाराष्ट्रीय आषाढात, त्यामुळे काही गावांत पुरणपोळीचा योग दोनदा येतो. पुरणपोळीबरोबर गुळवणी मागा. नारळाच्या दुधातली गुळवणी हा घाटाखालून आलेला ठेवा आहे.

निपाणी, चिकोडीकडे काय वेगळं?

तो भाग ताटाने कोल्हापूरचा. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, आणि सोबत ज्वारीची भाकरी किंवा चपाती. ऊस भरपूर, म्हणून गूळ चांगला. पुणे-बेळगाव प्रवासात दुपारचं जेवण निपाणीत पडेल असं बघा.

ग्लुटेन चालत नाही. काय खाता येईल?

ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ, चारही भाकऱ्या चालतील. पण आधी विचारून घ्या. काही खानावळींत थापताना परातीला गव्हाचं पीठ भुरभुरतात, आणि चपाती त्याच तव्यावर होते. थालीपीठ आणि धपाट्यांत बहुधा गहू असतो. मांडे पूर्ण गव्हाचेच, ते टाळा.

गोव्यासारखी पोई (तिकडचा पाव) मिळते का?

इथली खासियत ती नव्हे. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला गेलात की ताजी पोई मिळेल. बेळगावहून गोव्याला रोज भाजीच्या गाड्या जातात, त्यामुळे रस्ता कायम वाहता असतो.

भाकरी करायला शिकायची आहे. कुठून सुरुवात करू?

एखाद्या काकूंच्या शेजारी बसून. तोवर एवढं लक्षात ठेवा. पीठ ताजं हवं, दळून आठवड्याच्या आतलं. पाणी उकळतं घ्या, कारण ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि आधणाच्या पाण्यानेच पीठ धरतं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ भिजवा आणि तळहाताच्या टाचेने जोर लावून मळा. उंडा गुळगुळीत झाला, कडेला भेगा राहिल्या नाहीत, की थापायला घ्या. बोटांनी कड, तळव्याने मध्य. भाकरी आपोआप गोल फिरायला लागली की हात बसला. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकण्याच्या आत उलटा, नाहीतर तडे जातात. पहिल्या काही भाकऱ्या नकाशासारख्या होतील. त्याही चवीला तितक्याच चांगल्या असतात.

घरी नेताना काय काळजी घ्यावी?

मांडे चपट्या खोक्यात, आडवे ठेवून, वर काही न रचता न्या. विमानाने जात असाल तर हातातच ठेवा, सामानात टाकू नका. हवाबंद डब्यात दोन आठवडे सहज राहतात, ओलसर हवा मात्र लागू देऊ नका. कडक भाकरी पूर्ण गार झाल्यावरच बांधा, गरम बांधली तर वाफ धरून मऊ पडते. कागदात गुंडाळून चळत करा, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावा. रंजका काचेच्या बरणीत घ्या, वर तेलाचा थर आहे ना ते बघा. शेंगाचटणी आणि कारळ्याची चटणी कितीही दूर जाईल. गोकाककडून आलात तर डिंक-सुकामेव्याचा करदंट घ्या. कुंदा शेवटी, निघायच्या दिवशीच घ्या, तो दुधाचा आहे.

साधी, मऊ ज्वारीची भाकरी मात्र बांधून नेऊ नका. ती इथेच, तव्याजवळ बसून खा.